एका पायावर, वीसपर्यंत

अण्णा, शनिवार आहे, सकाळचे साडेआठ वाजलेत आणि अकराला मॅच आहे. मॅच माझ्या नातीची, म्हणजे तुमच्या पणतीची. सतरा वर्षांची आहे, डिफेन्सला खेळते. इथे मिनेसोटात फुटबॉल म्हटलं की लोकांना दुसराच खेळ वाटतो, म्हणून ही सॉकर म्हणते. तुम्ही नाक मुरडलं असतंत. ईडन प्रेरीला लेकीच्या घरी किचनच्या टेबलाशी बसून लिहितेय. वर शॉवरचा आवाज येतोय. तो थांबला की पोरगी खाली येणार, आणि त्याच्या आत मला काय ते ठरवायचंय.

झालं असं की मंगळवारी प्रॅक्टिसमध्ये चेंडू हेड करताना तिचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. कोचने पाहिलं नाही, हिने सांगितलं नाही. बुधवारपासून बाईसाहेब किचनमध्ये आल्या की आधी खिडक्यांचे ब्लाइंड्स खाली ओढतात. परवा एका जेवणात तीनदा विचारलं, मॉम किती वाजता येणार. मग मी तिला बाजूला घेतलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "आजी, प्लीज डोंट टेल मॉम. शनिवारी कॉलेजचे कोच बघायला येतायत मला. इट्स जस्ट अ हेडेक." आणि मी, चौऱ्याहत्तर वर्षांची घोडी, दोन दिवस मूग गिळून बसलेय. लेक समोर कॉफी पीत असते आणि माझ्या तोंडून ब्र निघत नाही.

दोन दिवस आपलं कँपातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाहीये. लढाईच्या दिवसांतल्या तुमच्या गोष्टी मी तिथेच ऐकल्या, आई भाकऱ्या थापत असताना. कारखान्यात दिवसपाळी करून संध्याकाळी तुम्ही गोऱ्या पलटणींशी खेळायचात. ते बुटात, तुम्ही अनवाणी, घोट्यांना पट्ट्या गुंडाळून. उजव्या पायाचा अंगठा कुणाच्या तरी बुटाखाली गेला तो कायमचा वाकडा झाला. आम्ही हळहळलो की तुम्ही म्हणायचात, माणूस चांगला होता हो, मॅच झाल्यावर सिगारेट घेऊन आला होता. मग लढाई संपली, पलटणी गेल्या, तुमचे गुडघेही गेले, आणि क्लबाने तुम्हाला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे काय, तर चेंडूला चरबी चोळण्यापासून पोरांच्या बापांची समजूत काढण्यापर्यंत सगळं तुम्हीच.

मॅचच्या सकाळी सगळा संघ आपल्याकडे पोह्यांना. पण बशी हातात पडायच्या आधी तुमची ती परीक्षा. शहाबादी फरशीवर अनवाणी, एका पायावर, डोळे मिटून, वीस होईपर्यंत. डोलला की नाव कागदावरून कटाप, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. कुणी फिदीफिदी हसला तर म्हणायचात, ज्याला पायाखालची फरशी कळत नाही त्याला मैदान काय कळणार. तुम्ही पाटावर बसून त्याच्या घोट्यावर नजर ठेवायचात आणि आकडे मी म्हणायचे. दहा वर्षांची होते. तुम्ही दिलेली पितळी शिट्टी गळ्यात. वीस झाले की फुंकायची. केवढा तोरा होता मला! पहिल्यांदा घाई केली तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत रागावला होतात: "सावकाश. तुझ्या मोजण्यावर माणूस उभा आहे." मी रडले, पण नंतर कधी घाई केली नाही. एकदा सोडून.

त्या फायनलच्या सकाळी तुमचा सेंटर फॉरवर्ड खिडकीकडे पाठ करून बसला होता. पोह्यांकडेही बघत नव्हता. दोन दिवसांपूर्वी सरावात त्याचं डोकं गोलच्या खांबावर आपटलंय हे गल्लीतल्या पोरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, फक्त तुम्हाला नव्हतं. पाणी प्यायच्या निमित्ताने तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "चिमणे, आज जरा भरभर मोज गं." मला तो फार आवडायचा. येताना माझ्यासाठी खिसाभर बोरं आणायचा. मी मोजलं भरभर. बारानंतर तर आकडे एकमेकांवर चढले. तुम्ही एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलंत, मी शिट्टी फुंकली, तुम्ही कागदावर त्याचं नाव लिहिलंत. तो खेळला, गोल केला, कप आपल्याकडे आला. संध्याकाळी त्याला स्वतःच्या आईचं नाव आठवेना.

दवाखान्यातून काही महिन्यांनी आला तो अर्धाच आला. नोकरी जमेना, बोलता बोलता मध्येच थांबायचा. तुम्ही त्याला क्लबातल्या चेंडूंच्या खोलीची किल्ली दिलीत आणि दर रविवारी जेवायला बोलावलंत. मी वाढायचे त्याला. तो दर वेळी कौतुकाने विचारायचा, तू कितवीत गं? एका रविवारी तो गेल्यावर तुम्ही मला जवळ बसवलंत आणि विचारलंत, "तू नीट मोजलं होतंस ना?" मी म्हटलं, हो. तुम्ही मान हलवलीत. पुढच्या मॅचपासून परीक्षा बंद. आईला म्हणालात, काही अर्थ नाही तिच्यात, मीच मूर्ख. पुढे पंधरा वर्षं तुम्ही मॅनेजर होतात, पण मॅच चालू असताना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नाही.

गेल्या सीझनला हिच्या एका मैत्रिणीच्या डोक्याला लागलं. शाळेच्या ट्रेनर बाईने तिला मैदानाच्या कडेला उभं केलं: एका पायावर, डोळे मिटून, सेकंद मोजत. मी बाकावर बसल्या जागी थिजले. तुमच्या परीक्षेत काही खोट नव्हती, अण्णा. हे तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्हाला जाऊन चौतीस वर्षं झाली.

शॉवर थांबलाय.

दहा वाजून गेलेत. ती खाली आली, जर्सी घालून, केस बांधून. मी म्हटलं, मोजे काढ आणि इथे लाकडी फ्लोअरवर उभी राहा. तिला लगेच कळलं. आधी हसली, मग चिडली, मग उभी राहिली. मी आपलं एक, दोन, तीन, मराठीत, घड्याळाच्या काट्याकडे बघत. पाचाला तिचा घोटा थरथरायला लागला. डोळे मिटलेलेच, ओठ हलवल्या न हलवल्यासारखे करून म्हणाली, "आजी, फास्टर. प्लीज." अकराला ती ओट्यावर कोलमडली, सीरियलचा बाउल खाली पडून फुटला. मग मी वर गेले आणि लेकीला सगळं सांगितलं, दोन दिवस गप्प बसल्याचंही. लेकीने गाडीची किल्ली उचलली. दोघी डॉक्टरकडे गेल्यात. जाताना पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अजून फोन नाही. काचा गोळा केल्या, जमीन पुसली, परत येऊन बसले. हा कागद ड्रॉवरमध्ये कुपनांच्या खाली जाईल, दुसरीकडे कुठे जाणार. तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर नाही असं आहे, अण्णा. मी नीट मोजलं नव्हतं. आणि आजही, ती फास्टर म्हणाल्यावर, सहा, सात, आठ मी जरा घाईतच म्हटले.