सावरटेक, लोकसंख्या शून्य

धायरी, पुणे
९ ऑगस्ट २००२

ती. बाबा व सौ. आई यांस,
अक्षताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ट्रॅव्हल्सवाल्याबरोबर पाठवलेले ज्वारीचे धापोडे पोचले. चारच तुटले. घरमालकीण इंदुबाईंना, आमच्याकडचे पापड म्हणून, दोन तळून दिले. त्यांनी ते उलटेपालटे करून बघितले, खाल्ले आणि बरं हाय म्हणाल्या. धायरीत ही फार मोठी शाबासकी समजतात. त्यांची शेती विकून तीन मजले उभे राहिले, तरी संध्याकाळी गच्चीवरून समोरच्या इमारतींकडे बघतात ते उभ्या पिकाकडे बघावं तसं.

आई, जेवण वेळेवर करते. बाबा, तुम्हाला हसू येईल अशी एक गोष्ट सांगायची आहे. कोथरूडच्या आमच्या कंपनीत राज्यातल्या गावांची यादी संगणकावर चढवण्याचं काम दोन वर्षं चालू होतं, ते मे महिन्यात संपलं. याच यादीवरून एसटी, शाळा, दवाखाना, पाणी यांचे वाटे ठरतात. काल पहिल्यांदा गावं क्रमांकाऐवजी नावानिशी बघायला मिळाली. मी हौसेनं सावरटेक शोधलं. सापडलं. पुढे लिहिलंय, लोकसंख्या शून्य, शेरा बेचिराख.

बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं ओसाड गाव, असं शेजारच्या टेबलावरच्या श्रद्धाने सांगितलं. तुम्ही दोनशे बारा माणसं तिथे करता तरी काय? लवकर कळवा.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची,
अक्षता


सावरटेक
२१ ऑगस्ट २००२

चि. अक्षता हीस,
आई-बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी आई खूप हसली. म्हणाली, त्या यादीवाल्याले म्हणा, येऊन एक डाव वेणूबाईचं भांडण ऐकून जाय. शून्य माणसं एवढा कल्ला करतात काय?

मी मात्र पुरतं हसू शकलो नाही. पाणी बरं आहे, कापूस कंबरेला लागला. पण जूनपासून एसटी थांबत नाही. बंद झालेली नाही, थांबत नाही. रोज सकाळी फाट्यावर येते. आम्ही दहाबारा जण हात करतो. ड्रायव्हर समोर बघत निघून जातो. काचेतली माणसंही आमच्याकडे बघत नाहीत. परवा महिपती रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. गाडी त्याला वळसा घालून गेली, खड्ड्याला घालतात तसा.

नवीन शाळामास्तर आले नाहीत. मीच मुलांना पाढे शिकवतो, निवृत्त मास्तराला तेवढंच काम. लसीची नर्सबाई शेजारच्या गावाहून परत जाते. तिला विचारलं तर म्हणाली, मी येते की, पण कोणी दिसत नाही.

यादी दुरुस्त करून घे. चूक लहान असताना खोडावी, हे मी वर्गात सांगत आलो.
कळावे. पत्राची वाट बघणारा,
दशरथ


धायरी
६ सप्टेंबर २००२

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं तसं सुदर्शन साहेबांकडे गेले. ते आमच्या विभागाचे प्रमुख. माझं गाव अस्तित्वात आहे असं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की, गावाला तसा दाखला आणायला सांगा. मी म्हटलं, दाखला देणारं कार्यालय यादी बघूनच देतं. त्यावर म्हणाले की, मग आपण दोघं सुटलो.

मी न विचारता शून्य खोडून दोनशे बारा लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. असं चार वेळा झालं. श्रद्धाने उलगडा केला की मूळ प्रत वर कुठेतरी आहे आणि ती रोज सकाळी आमच्या प्रतीवर उतरते. म्हणजे त्यात भुताटकी काही नाही. तरी चौथ्या दिवशी ते शून्य मी पडद्यावर बोटाने पुसून पाहिलं.

जेवणाच्या वेळी एक जण म्हणाला की, तुमच्याकडे इतक्या उन्हात लोक राहतात हीच चूक असेल. सगळे हसले. इथे वर्ध्याच्या पुढचं सगळं 'नागपूरकडे' असतं, आणि नागपूरकडे म्हणजे काहीच नसतं. मीही हसले, बाबा. हे तुम्हाला लिहायला नको होतं.

मी खटपट सोडलेली नाही. दोघांनी तब्येत जपा, एवढंच मागणं.
अक्षता


सावरटेक
२९ सप्टेंबर २००२

चि. अक्षता हीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या मंगळवारी दुपारी एक जीप आली. पांढरे शर्ट घातलेले दोघे जण उतरले, हातात नकाशा. मी पुढे होऊन जयभीम केला. मग नमस्कार म्हणून पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. बोलत बोलत ते आपल्या ओसरीवर चढले. तुझी आई ज्वारी पाखडत होती, तिच्या सुपात एकाचा बूट पडला तरी बोलणं थांबलं नाही. एक जण म्हणत होता की, जागा मोक्याची आहे, पवनचक्क्यांना वारा चांगला आहे, आणि माणसं नाहीत हे फार सोयीचं झालं.

तुझी आई त्यांच्या तोंडासमोर उभी राहून ओरडली. त्याने फक्त कॉलर वर केली, गार वारा लागावा तसा.

त्या दिवसापासून ती फारशी बोलत नाही. मधूनच हात डोळ्यांपुढे धरून बघते आणि मला विचारते का, तुमाले दिसते ना मी?

आता लोक निघू लागलेत. महिपतीचं घर गेलं, बापूरावाचं गेलं. कोणी भांडून नाही, कोणी सांगून नाही. सकाळी बघावं तर कडी लावलेली. आज मोजलं, एकशे चाळीस उरलो. वेणूबाई पोळ्याच्या आधी तापाने वारल्या. डॉक्टर आला नाही. भांडायला कोणी नाही, म्हणून गल्ली फार मोठी वाटते.

तुला काळजी लावायची नव्हती. पण खरं लिहायचं नाही तर लिहायचं कशाला?
दशरथ


धायरी
२० ऑक्टोबर २००२

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

गेल्या रविवारी वाघोलीला गेले होते. तिथल्या एका बांधकामावर महिपतीकाका सापडले, पत्र्याच्या खोलीत. मी विचारलं की गाव का सोडलं? त्यांनी मला बसायला वीट सरकवली. मग म्हणाले का, सोडाचं ठरवलंच नोतं पोरी. कोणी पायतच नसलं का माणूस आपोआप उठते. इथे मुकादम शिव्या देतो, पण शिव्या देण्यापुरतं तरी बघतो, असंही म्हणाले.

आता मुख्य सांगते. चार दिवस हे लिहायचं टाळलं. शून्य कोणी टाकलं ते सापडलं. प्रत्येक नोंदीमागे ती चढवणाऱ्याचा क्रमांक असतो. सावरटेकच्या नोंदीमागे सतरा आहे. सतरा मी.

दोन वर्षांपूर्वी, नोकरीचा पहिला महिना. फॉर्मवर गावांची नावं नव्हती, नुसते सहा आकडे. दिवसाला दीडशे फॉर्म झाले पाहिजेत असा दंडक. ज्या गावांपर्यंत पाहणीचा माणूस गेलाच नाही, ते फॉर्म कोरे यायचे. कोऱ्या जागी शून्य टाका, अशी सूचना होती. मी टाकलं. एकाही फॉर्मशी थांबले नाही. शून्य आलं की बेचिराख हा शेरा संगणक आपोआप लावतो. माझ्या हातून अशी एक्केचाळीस गावं झाली. सगळी आपल्याच बाजूची, कारण रस्ता संपतो तिथे पाहणीही संपते.

वेणूआजीने मला चालायला शिकवलं, असं आई सांगते. आता मी तुम्हाला तोंड कसं दाखवू?
अक्षता


सावरटेक
१ नोव्हेंबर २००२

अक्षता,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. लपवलं नाही. ती उठून चुलीपाशी गेली आणि संध्याकाळपर्यंत पाठ करून बसली. मग म्हणाली का, पोरीनं केलं तं पोरगीच निस्तरन.

मला राग आला, तो खोटा कशाला म्हणू? मी तुला अक्षरं शिकवली ती यासाठी नव्हेत. पण कोरा कागद पाठवणारा मोठा गुन्हेगार, आणि कोऱ्याचं शून्य करायला सांगणारा त्याहून मोठा. तू तिसरी आहेस. पण सही फक्त तुझी आहे, म्हणून उभं तुलाच राहावं लागेल.

एक्केचाळीसही गावांसाठी लेखी दे. एकट्या सावरटेकसाठी देशील तर मला पत्र लिहू नकोस.

इथे सत्तर जण आहोत. अंगणात सावली पडते का, हे मीही आता रोज बघतो. पडते.
बाबा


धायरी
१५ नोव्हेंबर २००२

ती. बाबा व आईस,
जयभीम.

लेखी दिलं. एक्केचाळीस क्रमांक, खाली सही. सुदर्शन साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले की, पुण्यात बसून एक्केचाळीस गावं उठवलीत, कर्तबगार आहात. मी म्हटलं की नोकरी घ्यायची तर घ्या, पण पाहणी पुन्हा करा. त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले की, कोऱ्या जागी शून्य टाका ही सूचना माझीच होती. त्यांनी माझ्या सहीखाली आपली सही केली.

फेरपाहणी मंजूर झाली. वैजनाथ नावाचे गृहस्थ डिसेंबरात येतील. जेवढी माणसं भेटतील तेवढीच लिहिणार, असा नियम आहे. शंभराच्या आत आकडा आला तर शाळा आणि एसटी मिळत नाही. जे गेले त्यांना परत बोलवा. वाघोलीला मी जाऊन येते.
अक्षता


सावरटेक
२० डिसेंबर २००२

चि. अक्षता हीस,
आई-बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू सांगूनही वाघोलीहून कोणी आलं नाही. त्यांचा मुकादम सोडत नसेल. सोमवारी दुपारी वैजनाथ आले तेव्हा आम्ही चौसष्ट होतो. एसटीने आले, गाडी फाट्यावर थांबली. त्यांना मी दिसलो. त्यांनी माझा नमस्कार घेतला तेव्हा मी तिथेच मैलाच्या दगडावर बसलो. ते म्हणाले की, मास्तर, तुम्ही बसा, मी घरोघर जाऊन येतो. तुझी आई विहिरीवर गेली होती.

दोन तासांनी ते कागद घेऊन आले. बेरीज दोनशे बारा.

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. ते जरा दुखावले. म्हणाले की, प्रत्येक दारात माणूस भेटला, नाव विचारून लिहिलं. मी यादी वाचली. महिपती, ओसरीवर बिडी ओढत. बापूरावाचं सगळं कुटुंब. वेणूबाई, वय ऐंशी, पुढे त्यांनी कंसात लिहिलंय, भांडखोर.

आपलं घर शेवटी होतं. तिथे तीन नावं आहेत. दशरथ, चंद्रभागा, अक्षता. ते म्हणाले की, तुमच्या मुलीने पाणी दिलं आणि आईवडिलांची नावं सांगितली. फार हुशार आहे, मधोमध भांग, उजव्या हाताच्या बोटांना शाईचे डाग. जाताना तिने एवढंच सांगितलं की, कोरी जागा ठेवू नका.

घरी गेलो. दाराला कुलूप होतं, ते मीच लावलं होतं. आत उंबऱ्यापाशी तांब्या होता, ओला.

तीस वर्षं मास्तरकी केली, हजेरी कधी खोटी मांडली नाही. कागद पुढ्यात घेऊन पुन्हा वरपासून वाचला. मग गावातर्फे सही केली. सोमवारी दुपारी तू कुठे होतीस, ते मात्र कळव. तुझ्या आईला फार हवं आहे.
बाबा


धायरी
२ जानेवारी २००३

ती. बाबा व आईस,
जयभीम.

सोमवारी दुपारी मी माझ्या जागेवर होते. उठलेही नाही. पण श्रद्धा सांगते की जेवणानंतर दोन तास माझी खुर्ची रिकामी होती, आणि साहेबांनी तीनदा विचारलं.

सावरटेकचा कागद काल माझ्याच टेबलावर आला. दोनशे बाराही नावं मी सावकाश चढवली, एकेक वाचून. माझं नाव शेवटचं. तिथे संगणक विचारतो की ही व्यक्ती हल्ली गावात राहते का? हो किंवा नाही, दोनच उत्तरं आहेत. मी खिडकीतून खाली बघितलं. कोथरूडचा रस्ता गाड्यांनी भरला होता. इथे मला अडीच वर्षं झाली.

मी 'हो' दाबलं.
तुमची,
अक्षता