दारासमोरची माती

मास्तर,

तुमच्यातल्या नवऱ्याले नाई, फिजिक्सच्या मास्तरले लिहून राह्यली.

रविवारी कुठी होते विचारलं, तं म्हणाले, "बघेपर्यंत कण कुठीच नसते." पुन्हा विचारलं, तं म्हणाले, "जगं खूप आहेत, एका जगात तुझ्याजवळच होतो." तिसरं मतही तुम्हीच सांगितलं होतं: कोणी पाहो न पाहो, कण आपल्या वाटेनं चालतच असते. मले तेच पटते. मी ताडोबात गाइड आहो. वाघ दिसला नाई तरी पंजे उमटतेत.

म्हणून काल तुमच्या नोकरीपायी घेतलेल्या चंद्रपूरच्या खोलीसमोरची माती सारखी करून ठेवली, जंगलात ठशांसाठी करतो तशी. तुमच्या पावलांसोबत दुसरी कोणाची उमटतेत का, ते पाहाले.

आता गल्लीच्या तोंडाशी ऑटोत बसून आहो. दहा पावलं आहेत, पण पाय उचलत नाई. पाह्यलं नाई तोवर तुमचं पहिलं उत्तरच खरं राहू द्या.

पुनम
गाइड, मोहर्ली गेट