झाड क्रमांक सदुसष्ट

३ मार्च

एकशे एक्याऐंशी झाडं! उद्यानातली, संरक्षित, जनतेच्या मालकीची — आणि दहा तारखेला करवत. यादीचं नाव 'वन-व्यवस्थापन'. हा समास सोडवायला गेलं की झाड पडतं.

'सगळी वाळलेली आहेत,' ठेकेदार म्हणाला. यादीतल्याच एका झाडाची कोवळी पालवी खुडून त्याच्या तळहातावर ठेवली. 'अपवाद असतो, मॅडम!'

४ मार्च

यादी वनपालांची. खोडांवरचे पिवळे पट्टेही त्यांनीच ओढलेले. तीस वर्षं नोकरी, बोलणं दिवसाला दहा शब्द. 'वरून आकडा आला, ताई. झाडं शोधणं तेवढं माझं काम.' नियमावली मागितली, तर मुकाट्याने हातात ठेवली.

आणि त्यात सापडलं! यादीतल्या एका जरी झाडावर वापरातलं घरटं आढळलं, तर अख्खी यादी रद्द. एकच घरटं! माझ्याकडे सहा दिवस आणि उसनी दुर्बीण.

६ मार्च

मान आखडली. घरटी शून्य. ह्यांचा फोन — 'झाडाखाली बसून ज्ञान झालं का?' म्हटलं, मुंग्या झाल्या.

७ मार्च

सकाळी वनपाल म्हणाले, 'सदुसष्टपाशी बसा. सावली बरी आहे.' बसले. दिवसभर काही नाही. पावणेसातला ढोलीतून एक चेहरा बाहेर आला — थेट आमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या गुरुजींचा. गोल आणि नाराज. घुबड! मागे दोन पिल्लं!! ओरडू नये म्हणून पदर तोंडात कोंबला. फोटो आले. बातमी धाडली.

८ मार्च

पहिलं पान! मथळा माझाच: 'घुबडाला दिसतं, वनपालांना दिसत नाही'. संपादक म्हणाले, 'जरा लागेल हं.' लागू दे की! तीस वर्षं जंगलात काढून माणसाला डोक्याएवढी ढोली दिसू नये?

९ मार्च

यादी रद्द! सगळीच्या सगळी! ठेकेदाराचे ट्रक रिकामे परतले. मी फाटकात उभी राहून हात हलवला. वयाला शोभत नाही. पण हलवला.

१२ मार्च

वनपाल निलंबित. कारण: अक्षम्य हलगर्जी. पुरावा: माझं कात्रण.

धावत गेले. सामान बांधत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, 'असू द्या, ताई. त्या ढोलीतली पिल्लं मी नऊ वर्षं मोजतोय. यादी रद्द व्हायची, तर यादीत एक घरटं नको का?'