कडा काढलेला पाव

मंगळवार, २३ जुलै १९४६

आज आलं ते — रासबेरी चार पौंड, शेजारच्या मिसेस नॅनकिव्हेलकडून, तीन शिलिंग. (घासाघीस केली नाही. चॅपलमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईशी करवत नाही.) साखर दोन पौंड, दहा पेनी, कुपनं वेगळी. मेणकागद, दोन पेनी.

आणि एक पत्र. त्याला पैसे पडले नाहीत.

पत्र लंडनहून, मॅव्हिसच्या आईचं. चारच ओळी. शनिवारी तीन तारखेला येते, रात्रीच्या गाडीने लगेच परत. मॅव्हिसबद्दल समोरासमोर बोलायचं आहे, पत्रात लिहिता येत नाही. चहाला आले तर चालेल ना?

चालेल ना! मुलगी तिची, आणि मला विचारते.

मॅव्हिस आमच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. लंडनवर बॉम्ब पडायला लागले होते, गाडी भरभरून मुलं इकडे समुद्राकाठच्या खेड्यांत धाडत होते. हिच्या कोटाच्या खिशात उकडलेलं अंडं होतं. आईने दिलेलं. सबंध प्रवासात खाल्लं नव्हतं, संपेल म्हणून. आता अकरावं सरलं. युद्ध संपून वर्ष झालं, गावातली बाकी सगळी मुलं आपापल्या घरी गेली. मॅव्हिसचं घर राहिलं नव्हतं, बाप युद्धात, समुद्रात बुडून गेला, आई बहिणीच्या एका खोलीत. म्हणून ही राहिली.

आता खोली मिळाली असेल. दुसरं काय बोलायचं असणार?

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. हे स्टेशनवर हमाल आहेत, गाड्यांखेरीज कशाची घाई नाही. म्हणाले, "बघू या, काय म्हणते ती."

बघू या!


बुधवार, २४ जुलै

मॅव्हिसला अजून सांगितलेलं नाही. बटाटे दोनदा मोजले.


शुक्रवार, २६ जुलै

जॅम केला. नेहमी मी बियांसकट करते. बिया काय, देवानेच घातल्यात. पण ह्या वेळी चाळणीतून गाळला. पाहुणीच्या दातांत बी अडकायला नको! चाळणीत राहिला तो चोथा टाकवेना, पाणी घालून उकळला, मॅव्हिसला सरबत.

लग्नाआधी दोन वर्षं मी टेकडीवरच्या बंगल्यात होते. मॅट्रिक झालेली म्हणून हिशेब लिहायला ठेवली होती. पण चारच्या चहाची सँडविचेस कशी करतात ते तिथल्या स्वयंपाकिणीजवळ उभं राहून शिकून घेतलं. आमच्या घरात तशी कधी केली नाहीत. कडा कापून टाकायच्या म्हणजे! आम्ही जाड फोडी खाणारी माणसं.

पण ह्या बाईला एकदा दिसू दे, तिची मुलगी कशा घरात वाढली ते.

(हा गर्व झाला. लिहून ठेवते, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी लपवता येणार नाही.)


रविवार, २८ जुलै

पाद्रीबाबांनी नेमकी आजच शलमोन राजाची, दोन आया आणि एका बाळाची गोष्ट घेतली. मला वाटलं सगळं चॅपल माझ्याकडे बघतंय. कुणी बघत नव्हतं. मिसेस नॅनकिव्हेल पेंगत होती.

राजा बाळ कापून वाटायला निघतो तेव्हा जी मूल सोडून देते, तीच खरी आई. मग मीही सोडीन. हसत सोडीन. ओढाताण करणार नाही.

घरी आले आणि दोन बशा फोडल्या.


मंगळवार, ३० जुलै

सांगितलं एकदाचं. मॅव्हिस ओढ्याच्या वाटेने दूध घेऊन आली होती, गमबूट ओढून काढत होती. निघेचनात. पाय वाढलाय पोरीचा, बोटं आत दुमडली होती. तरी तक्रार नाही. आईला मात्र पत्रात लिहिलं होतं म्हणे.

"कशाला लिहिलंस? तिच्या डोक्याला का ताप?"

"ती म्हणते सगळं लिही. मावशी, आई राहायला येणार?"

"नाही. चहाला."

"मग मला न्यायला?"

मी बूट ओढत होते, तो एकदम निघाला नि मी मागे आपटले. दोघी हसलो. उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.


गुरुवार, १ ऑगस्ट

पाव आणला. उद्या-परवाला शिळा हवा, ताजा सुरीखाली चुरगळतो. दहा दिवस झाले, आता पावालाही कुपनं. सगळ्या युद्धात नव्हतं ते आता! तीन आठवड्यांचं लोणी मात्र वाचवून ठेवलंय.

मिसेस नॅनकिव्हेल कुंपणावरून — "थर्झा, ऐकलं ते खरं का? कडा काढणार आहेस? राणीसाहेब उतरणार आहेत की काय स्टेशनवर?"

"मॅव्हिसची आई येत्येय."

"ती कारखान्यात डबे भरते ना गं? तिला मटण-बटाटा दे भरपूर. मुठीएवढ्या सँडविचांनी तिची दाढ तरी ओली होईल का?"

मी आत आले. तिला काय कळतंय!


शुक्रवार, २ ऑगस्ट

बॅग भरली.

खूप विचार करून ठरवलं. बाई दमून येणार, परक्या घरात बसणार. 'माझी मुलगी द्या' असं तिला तोंडाने मागायला लागावं, हे बरं दिसत नाही. मागायची वेळच येऊ द्यायची नाही. बॅग भरून पॅसेजमध्ये, टोप्यांच्या खुंट्यांखाली ठेवायची. बघेल, समजेल. शब्द नको, रडारड नको.

फ्रॉक तीन. लोकरीचं सगळं. प्रार्थनेचं पुस्तक. तोकडे गमबूट ठेवून घेतले, त्यांचा काय उपयोग तिथे.

हे दारात उभे होते. "थर्झा, आधी तिचं ऐकून तर घे."

"ऐकायला काय उरलंय?"

ह्यांनी पाइप पेटवला, विझवला.


शनिवार, ३ ऑगस्ट

सकाळीच सँडविचेस केली. दोघींनी मिळून. आधी पावाच्या कापलेल्या तोंडाला लोणी लावायचं, मग चकती कापायची, मग पुन्हा लोणी, पुन्हा चकती. असं केलं की कागदासारखी पातळ निघते आणि फाटत नाही. लोणी कडेपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर जॅम पावात मुरतो आणि चहापर्यंत सगळा लगदा. मॅव्हिसला एकदाच दाखवलं. हात हलका आहे पोरीचा. शेवटच्या चकत्या तिच्याच, माझ्याहून पातळ.

मग कडा काढल्या, त्रिकोण केले, ओल्या फडक्याखाली झाकले. कडांचं पुडिंग करणार होते. बघते तर बशी रिकामी! मॅव्हिसच्या हनुवटीला जॅम.

"मावशी, त्याच तर छान लागतात."

चारच्या सुमाराला हे मॅव्हिसच्या आईला स्टेशनवरून घेऊन आले. माझ्या आठवणीतल्यापेक्षा लहानखुरी. निळी टोपी, दुसऱ्या कुणाची असावी, डोळ्यांवर येत होती. काखेत दोरीने बांधलेलं मोठं पुडकं. "हे मागाहून उघडू," म्हणाली आणि दाराजवळच्या बाकाखाली सरकवलं.

मॅव्हिस आत आली तेव्हा आई उठून उभी राहिली, पाहुणी आल्यासारखी.

"अगं बाई! मला वाटलं दुसरीच कुणी आहे. केवढी झालीस!"

"पाव मी कापलाय, आई."

बाईंनी एक त्रिकोण उचलला, खिडकीकडे धरला. "हे बघा! ह्यातून पलीकडचा समुद्र दिसतोय की!"

हे खो-खो हसले. मलाही हसू आलं, जरा लागलंही.

"आणि कडा कुठे गेल्या?"

"मी खाल्ल्या."

"शहाणी! आमच्या कारखान्यात परवा कडांवरून दोघी हातघाईवर आल्या होत्या."

चांगली आहे बाई. तेच तर वाईट. वाईट असती तर सोपं झालं असतं.

मी चहा ओतत राहिले. दूध, साखर, पुन्हा गरम पाणी, 'आणखी घ्या ना', 'प्रवास कसा झाला'. तिने दोनदा कप खाली ठेवला.

"मिसेस पेन्हेल, मी हिवाळ्याचं म्हणत होते—"

"अहो, आधी खाऊन तर घ्या. बोलणं कुठे पळून जातंय?"

"नाही, पण धीर आहे तोवर बोलून टाकावं म्हणते."

"बोटांना जॅम लागलाय तुमच्या. पॅसेजमधून उजवीकडे जा, साबण ठेवलाय."

गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही. मग आला. परत आली तेव्हा टोपी सरळ केलेली होती.

"बॅग दिसली."

"हो. तुम्हाला ताटकळायला नको म्हणून."

"सगळं भरलंत?"

"लोकरीचंसुद्धा."

"फार विचार केलात." मग कप सरळ करत — "सहा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. तुम्हालाही जड झालंच असेल आता. कुणालाही होईल."

"छे छे! मुलीची जागा शेवटी आईजवळ."

"बरोबर आहे तुमचं," म्हणाली. "बरोबरच आहे."

असं सगळं नीट पार पडलं. एक शब्द वावगा नाही.

बशीत शेवटचा एक त्रिकोण राहिला होता. मी म्हटलं, घ्या ना. ती म्हणाली, तुम्ही घ्या. मी म्हटलं, माझं झालं. ती म्हणाली, माझंही.

"मग कुणीच घेत नाही का?" मॅव्हिस म्हणाली.

"मॅव्हिस!" — मी.

निघताना दारात मॅव्हिसने माझ्या ॲप्रनची नाडी धरून विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"नाही गं! आई न्यायला आली, केवढी मजा!" उगाच मोठ्याने बोलले. पार फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल.

हे बॅग घेऊन पुढे. त्या दोघी मागे, मधे हातभर अंतर.


रविवार, ४ ऑगस्ट

चॅपलला गेले. गाणं म्हटलं नाही, नुसते ओठ हलवले.


सोमवार, ५ ऑगस्ट

बँकेची सुट्टी. पोस्ट बंद. बाकाखाली ते पुडकं तसंच राहिलंय! गडबडीत तीही विसरली, मीही. उद्या पाठवीन. उघडणार नाही. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही, हे मॅव्हिसला मीच शिकवलं.

तीन कप मांडले आज. एक परत ठेवला.


मंगळवार, ६ ऑगस्ट

जेवताना ह्यांनी काटा खाली ठेवला. "थर्झा, माझ्या हातून एक पाप झालंय."

मी पुढ्यात येऊन बसले.

"शनिवारी पोरीला मी विनातिकीट गाडीत बसवलं. बाईंकडे त्यांचं परतीचं तेवढं होतं. पोरीचं काढलंच नव्हतं. खिडकीशी रांग, गाडी शिट्टी मारतेय. मी म्हटलं, चढा, मी बघतो."

तीस वर्षं रेल्वेत आणि असं! मी खूप बोलले. अर्ध्या तिकिटाचे पैसे उद्याच्या उद्या भरून या म्हटलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, "बाई खिडकीपाशी तशाच उभ्या होत्या गं. विसरल्यासारख्या नव्हत्या वाटत. कुणी ढकलल्यासारख्या."

एवढ्या लांबून मुलीला न्यायला यायचं आणि तिचं तिकीट नाही! वेंधळी म्हणावी तर तशी वाटली नाही. भांडी घासताना तेच, झाडताना तेच. डोक्यातून जाईना.

ह्या सगळ्यात पोस्टाचं राहिलंच.


बुधवार, ७ ऑगस्ट

पुडकं पोस्टातून परत आणलं. कागद फाटलाय, नव्याने बांधून आणा म्हणाले. म्हणून सोडलं.

गमबूट. काळे, कोरे. मॅव्हिसच्या मापापेक्षा एक नंबर मोठे, वाढत्या पायाचे. पुढे कागदाचे बोळे घातलेले.

लंडनच्या फरसबंद गल्लीत गमबूट कुणाला लागतात?

'मी हिवाळ्याचं म्हणत होते—'

हिवाळाभर पोरीला इथेच ठेवा, हे सांगायला आली होती ती. देवा, मी बोलूच दिलं नाही!

आत्ता लिहिलं ते असं. हे दारात उभे आहेत, टपाल निघायच्या आत घेऊन जाणार.

'मिसेस कटमोर, बॅग भरली ती तुम्हाला मागायला लागू नये म्हणून. ती जावी म्हणून नव्हे. एक दिवसही आम्हाला ती जड झाली नाही. तुम्ही काय म्हणत होतात ते आता म्हणा, मी मधे बोलणार नाही. तिची खाट काढलेली नाही. गमबूट पाठवत नाही, दाराशी ठेवलेत. हे मुलीचं तिकीट काढून स्वतः घ्यायला येतील. उलट टपाली कळवा.'