शनिवारच्या उशा

३ नोव्हेंबर, सोमवार
मिरजोळ्याला पोचले. ज्ञानू फाटकापाशी उभी होती. आता ती डॉक्टर ज्ञानेश्वरी, पण मला आठवते ती कॉन्व्हेंटच्या बाकावर माझ्या डब्यातल्या आंबोळ्या संपवणारी. माझ्या एकसष्टाव्या वर्षी तिने मला नोकरी दिली, तिच्या प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर सांभाळायची. नवीन माणसाला पहिले पंधरा दिवस वेगळी खोली, असा इथला नियम आहे. हेदवीहून आईच्या विरजणाची बरणी आणली आहे. आई गेली, दही अजून तिच्या हातचं लागतं. ज्ञानूने चमचाभर मागून कुपीत घेतलं. माझे डोळे भरून आले.

१० नोव्हेंबर
काम कळलं. प्रत्येक उंदराच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात, म्हणून एकच औषध एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही. सगळ्यांची पोटं सारखी हवीत. त्यासाठी दर शनिवारी सगळ्या पिंजऱ्यांतला मळका भुसा एकत्र कालवून पुन्हा सगळीकडे पसरायचा. दीड महिन्यात सगळे सारखे. नवे उंदीर आधी पंधरा दिवस वेगळे ठेवायचे. हौसा आणि गोदा इथे राहूनच काम करतात. मी उंदरांना नावं दिली तर हौसा म्हणाली, बाई, मग बारशाच्या घुगऱ्या कुठायत? खूप हसलो. ज्ञानू मात्र इथलं काही खात नाही. तिचा डबा गाडीत असतो.

१७ नोव्हेंबर
आजपासून त्या दोघींच्या खोलीत. तिघींना एकाच टोपातली पेज.

२९ नोव्हेंबर, शनिवार
गोदा दर शनिवारी आमच्या उशा अदलून बदलून ठेवते. अभ्रे न धुता. विचारलं, तर मॅडमनी सांगितलंय म्हणाली.

६ डिसेंबर
हौसाने सुरमई तळली. मला वास सोसेना. तिलाही नाही, गोदालाही नाही. तिघींनी ताटं सारली, एकदमच. रात्री अकरा वाजता उठलो तेही एकदम, कोणी हाक न मारता. आत पिंजऱ्यांत उंदीर उभे होते. सगळे. दाराकडे तोंड करून.

११ डिसेंबर
दही लावलं. आईच्या हातचं नाही लागत. पेजेसारखं लागतं.

१३ डिसेंबर
ज्ञानूची नोंदवही. साठ पिंजरे. एकसष्ट, हौसा. बासष्ट, गोदा. त्रेसष्ट, राही, म्हणजे मी — कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी आम्हा दोघींना शिकवलेल्या त्याच वळणदार अक्षरात.
मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, तुझी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून तर तुला बोलावलं. आईच्या दह्याची कुपी तिने ठेवली आहे. आधीची मी आणि आताची मी ताडून बघायला.

१५ डिसेंबर
कुपी मागितली. नवी बाई आली आहे, तिला काही कळू देऊ नकोस, पंधरा दिवस नीट गेले की देईन म्हणाली. पन्नास वर्षांची मैत्री — मी हो म्हटलं. मी —

२९ डिसेंबर
नव्या बाईचे पंधरा दिवस संपले, आजपासून ती आमच्या खोलीत. गुहागरची आहे, घरचं विरजण आणलंय तिने.
कुपी मिळाली. चाटून पाहिली. काहीच लागलं नाही.
अकरा वाजले. तिघी उठलो.
तिला सांगायचं होतं, जा, आत्ताच जा. तोंडून आलं, या, दमला असाल, जरा पडा. माझ्या हातात माझी उशी होती, आणि ती मी तिच्या डोक्याखाली —