राईकाठचा विस्तव

प्रिय लुईझा,

सिडनीला शिकवायला गेलीस आणि तिथलीच झालीस की काय? माझी आई थकली आहे. तुला अंगावर पाजल्याचं अजून येईल-जाईल त्याला ऐकवते. यंदा रताळी चांगली आली.

तुझे वडील, आपले पाद्रीबाबा, तब्येतीने बरे आहेत, पण सतत धुमसत असतात. जमिनीचा निवाडा झाला. गव्हर्नरने पाठवलेल्या साहेबासमोर पाद्रीबाबांनी शपथेवर सांगितलं, खाडीपासून डोंगरापर्यंत सगळी जमीन मी घोंगड्या आणि कुऱ्हाडी देऊन विकत घेतली. जमीन मूळची आमची, म्हणून साहेबाने माझ्या बाबांना विचारलं, विकलीस का? बाबा म्हणाले, "मी यांना शेजारी बसवलं. म्हणून मी उठून गेलो, असं कुठे झालं?" साहेब गालातल्या गालात हसला. मला असा संताप आला म्हणून सांगू!

निवाडा काय, तर एका पाद्र्याला एवढी जमीन जास्त होते. थोडी त्यांना ठेवली, उरलेली सरकारने घेतली. आम्हाला परत नाही. का, तर आम्ही विकली होती म्हणे. भांडले पाद्रीबाबा आणि सरकार, आणि हात हलवत परतलो आम्ही. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

कराकाच्या झाडांची राई तेवढी पाद्रीबाबांच्या वाट्याला आली, ती त्यांनी तुझ्या नावावर केली. तिथे तुझी नाळ माझ्या भावाच्या नाळेशेजारी पुरली आहे. आमच्या रीतीने माझ्या आईनेच पुरली, तुझ्या आईला विचारलं होतं की नाही, देव जाणे. आमच्यात ज्याचा विस्तव जळता, त्याची जमीन. विझला की हक्क गेला. म्हणून राईच्या कडेच्या खोपटात मी रोज तुझ्या नावाने विस्तव पेटवते. मोजणीवाले टिंगल करतात. करोत बापडे.

आता खरं सांगते. सरकार हीसुद्धा घेईल या धास्तीने पाद्रीबाबा राई लाकूडवाल्याला विकताहेत. सही तुझी लागते. तो कागद याच जहाजाने येतो आहे. लुईझा, सही करू नकोस गं. माझे बाबा गेले. त्या दिवसानंतर त्यांनी अन्नाला हात लावलाच नाही. आम्ही त्यांना राईतच ठेवलं आहे. पाद्रीबाबांनीच प्रार्थना म्हटली, रडलेसुद्धा, आणि तरी विकताहेत. तू ये. तोवर विस्तव मी राखते.

तुझीच दूधबहीण,
रिपेका