सप्तमीची भरती

माघ शुद्ध अष्टमी. चुकलो, सप्तमी. सोमवार.

लेकीकडून येताना आज सायकल खांद्यावर घ्यावी लागली. एवढंच झालं, पण मनातून जात न्हाय.

येष्टी आता तिच्या दारापर्यंत जाते, पण ती धूळ कोण खाणार? मी आपला खाडीच्या बांधावरून जातो. तिथं मोटार न्हाय, भोंगा न्हाय, बगळे तेवढे. मधी खाडीचा एक फाटा उतरायचा, ओहोटीला घोटाभर पाणी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज अष्टमी धरली, म्हणजे भरती सहाला. म्हणून अडीचला बिनधास्त उतरलो, तर पाणी मांडीला. ओढही होती. सायकल खांद्यावर, धोतराचा सोगा दातात, असा आलो.

सूनबाईला म्हटलं, "येष्टीनं आलो."

ती साखळीतला चिखल बघत म्हणाली, "मामंजी, येष्टीत चिखल फार झालाय हल्ली."

संध्याकाळी चिखल काढायला बसलो तर सैंपाकघरातलं कॅलेंडर तिनं सायकलीच्या वर खिळ्याला लावलेलं. आधी राग आला. मग चष्मा लावून बघितलं. षष्ठी दोन दिवस होती, मी बोटांवर एकदाच मोजली. म्हणजे आज सप्तमी, भरती सव्वापाचलाच.

चाळीस वर्षांत असं झालं न्हाय. पाण्याला मी भ्यालो न्हाय. मोजणी चुकली, त्याला भ्यालो.

साखळीतला चिखल अजून पुरता निघाला न्हाय. पुढच्या सोमवारीही बांधावरूनच जाणार. फक्त निघताना सूनबाईला तिथी विचारीन. कॅलेंडर मला वाचता येतं, तरी विचारीन.